देवापुढची पाकिटं

ये, अशी जवळ सरक. कागदावर लिहितेय म्हणून लांबून वाचायचं असं काही नाही. चष्मा लाव आणि तो फोन जरा पालथा घाल. मी रागावलेय तुझ्यावर, ते आधी ऐकून घे आणि मग पुढचं वाच.

परवा तू म्हणालीस, "आत्या, घटस्फोटाच्या कागदांवर वकील सांगतो तिथे सह्या करते आणि मोकळी होते. बँकेचं, फ्लॅटच्या हप्त्यांचं सगळं नवराच बघायचा, मला त्यातलं काही कळत नाही." कळत नाही म्हणे. हपिसात वीस-पंचवीस माणसांच्या रजा मंजूर करतेस, आणि आपल्या खात्यात किती आहेत ते तुला नवऱ्याला विचारावं लागतं. मी फोनवरच तुला फैलावर घेणार होते, पण गप्प बसले. ओरडायला आधी तोंड लागतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं. या बाबतीत मी तुझ्याहून मोठी गाढव होते गं. घरात तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण तू तेव्हा बोरीवलीच्या घरात पाळण्यात होतीस आणि नंतर तो विषयच निघाला नाही. म्हणून आता सांगते. फोनवर सांगायला गेले तर तू मधे मधे बोलतेस.

माझं सासर घाटकोपरला. डोंगराच्या अंगाला चाळ, दीड खोली, नळ बाहेर सामायिक. मी गेले तेव्हा घरात सासूबाई आणि हे, दोघंच. सासरे गिरणीत होते, ते माझ्या लग्नाआधीच गेले. हे विक्रोळीच्या एका कारखान्यात, हिशेबखात्यात कारकून. मी अजून 'हे'च म्हणते, हसू नकोस. नाव तेव्हा घेत नव्हते, आता कशाला घेऊ.

लेक अडीच वर्षांची झाली आणि मी कामाला लागले. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड होती, तिथे रेडिओच्या कॉइली गुंडाळायचं काम. केसाएवढी तांब्याची तार असायची. जरा जोर लावला की तुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून. माझा हात चांगला होता. सातवीपर्यंत शाळा झालेली, पण हात असा की सुपरवायझर नव्या मुलींना माझ्याकडे बघायला उभ्या करायचा. मला त्याचा फार अभिमान.

पगार रोख, महिन्याच्या सात तारखेला, खाकी पाकिटातून. पाकिटावर नाव, हजेरी, मूळ पगार, ओव्हरटाइम, कापलेली उचल, आणि सगळ्यात खाली हातात येणारी रक्कम. तोंडाला टाचणी. पहिलं पाकीट घेऊन घरी आले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, फोडलं नाहीस ना. नाही म्हटलं. मग त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, देवापुढे ठेवलं, त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि संध्याकाळी हे आल्यावर यांच्या हातात दिलं. हे टाचणी काढायचे, पैसे मोजायचे, पाकीट बाजूला ठेवायचे. झालं.

ही रीत सासऱ्यांच्या गिरणीतली. तेव्हा गिरणीच्या गेटाबाहेर दारूचे अड्डे लागायचे. पगाराच्या दिवशी नवरा पाकीट न फोडता घरी आला, तर तो सरळ घरी आला हे बायकोला कळायचं. टाचणी शाबूत असली की सासूबाई त्या दिवशी गोड करायच्या. सासरे गेले, पण रीत राहिली आणि ती माझ्या गळ्यात पडली. मी काय कुठल्या अड्ड्यावर जाणार होते का? पण कुणी विचारलं नाही आणि मीही नाही. उलट शेडमध्ये मी मोठेपणाने सांगायचे, आमच्या घरी माझं पाकीट आधी देवापुढे जातं. माझ्या बाजूच्या टेबलावर एक ठाण्याची बाई बसायची, तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "देवाला ठाऊक तुझा पगार, तुला ठाऊक आहे का?" मी म्हटलं, मस्टरवर सही करते ना दर महिन्याला. ते खरंच होतं. पण सही करताना माझी नजर असायची रेव्हेन्यू स्टॅम्पावर, सही त्याच्यावरून बाहेर जाऊ नये म्हणून. आकड्याकडे कोण बघतंय. लागले तेव्हा दोनशे दहावर लागले, तेवढं डोक्यात बसलेलं. नंतर वाढत गेला असणार, पण तो आकडा यांच्याकडे.

आणि हे काही वाईट नव्हते, हे तू नीट समजून घे. दर सोमवारी बसचे पैसे माझ्या हातावर ठेवायचे, वर दोन रुपये, गजऱ्याला म्हणा किंवा वड्याला म्हणा. दिवाळीला साडी, लेकीला फ्रॉक, भाडं वेळेवर, रेशन वेळेवर. ज्याचं डोकं आकड्यात चालतं त्याच्याकडे पैसे असावेत, आपण तार गुंडाळावी, असं मला वाटायचं. मला त्यात सुख होतं गं, खोटं कशाला सांगू.

मग एका रविवारी जेवताना यांनी सांगितलं. सासूबाई नातीला घेऊन देवळात गेल्या होत्या. यांच्या कारखान्यात एक बाई होती, टायपिस्ट. माझ्याआधीपासूनची. सासूबाईंनी तेव्हा नको म्हटलं, जातीवरून, आणि माझ्याशी लग्न लावून दिलं. तिने मात्र लग्न केलंच नाही. आता दोघांनाही राहवत नव्हतं. हे सांगता सांगता माणूस रडायला लागला आणि पाण्याचा तांब्या मीच पुढे केला. मला राग आला नाही असं समजू नकोस. वर्षभर मी मनातल्या मनात यांच्याशी भांडत होते, कॉइली गुंडाळताना ओठ हलायचे माझे, बाजूची हसायची. पण त्या माणसाने माझ्यावर कधी हात उचलला नव्हता, खोटं बोलला नव्हता, आणि जे सांगितलं ते तोंडावर सांगितलं. ठेवून घेऊन काय करणार होते? कोर्टात दोघांच्या राजीखुशीने अर्ज करायचा ठरला.

अडलं ते लेकीवर. ती दुसरीत. हे म्हणायचे, शाळा घाटकोपरला, आजी घाटकोपरला, तुझं उद्या कुठे राहायचं त्याचा पत्ता नाही, तेव्हा पोर इथेच राहील. मी म्हणायचे, पोर माझी. दोघंही तिच्या भल्याचंच बोलत होतो, म्हणून कुणीच मागे हटेना. शेवटी कोर्ट सांगेल तोवर ती आजीपाशी राहणार आणि मी दर रविवारी जाऊन भेटणार, असं ठरलं. मी बोरीवलीला तुझ्या बाबांकडे राहायला आले, एक ट्रंक आणि शिवणाची मशीन घेऊन.

आता गाढवपणा ऐक. त्या महिन्याच्या सात तारखेला पगार झाला. मी पाकीट तसंच घेऊन आले, तुमच्या देव्हाऱ्यापुढे ठेवलं, आणि तुझे बाबा आल्यावर त्यांच्या हातात दिलं. माझा धाकटा भाऊ तो. विस्तवाला हात लागावा तसा बघत राहिला. "ताई, हे काय?" म्हटलं, पगार. तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो वन्सं, तुमचं तुम्ही फोडा की." मला ते होईना. टाचणीला हात लावला की वाटायचं दारात सासूबाई उभ्या आहेत. तुझ्या बाबांनी दोन मिनिटं वाट बघितली आणि पाकीट न फोडताच कपाटात ठेवलं. दुसऱ्या महिन्यालाही तेच. आणि बसचे पैसे मी मागायचे त्याच्याकडे. तोही बिचारा आपल्या खिशातून द्यायचा, माझी पाकिटं तशीच कपाटात. असे चार महिने. तुझ्या दुधाच्या डब्याच्या मागे माझी चार पाकिटं टाचण्यांसकट पडून होती.

वकीलबाई बोरीवलीच्याच, स्टेशनपलीकडे बसायच्या. त्यांच्या फीसाठी मी पाटल्या मोडल्या. त्यांनी विचारलं, पगार किती. मी म्हटलं, दोनशे दहा. त्यांनी तेच अर्जात टाइप करून घेतलं आणि मी खाली सही केली. तशीच, नजर खालच्या रेघेवर ठेवून.

कोर्ट फोर्टात. त्या वर्षी गिरण्यांचा संप चालू होता, आणि कोर्टाच्या आवारात सुद्धा लोक तेच बोलत होते. आमची पाळी आली. यांचा वकील उभा राहिला आणि माझ्याच अर्जातला आकडा वाचून दाखवायला लागला. दोनशे दहा रुपयांत ही बाई मुंबईत खोली घेणार, मुलीला खायला घालणार, शाळेत घालणार, हे कसं शक्य आहे, साहेब. मला ते ऐकताना पटतच चाललं होतं, खरं सांगते. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. वयस्कर होते, आवाज मऊ. म्हणाले, बाई, तुमचा पगार दोनशे दहाच आहे ना? मी म्हटलं, हो.

आणि पलीकडून हे उठून उभे राहिले.

"चारशे अडतीस, साहेब."

यांच्या वकिलाने कोटाची बाही ओढली. यांनी बाही सोडवून घेतली. चुकीचा आकडा वाचलेला यांना सहनच व्हायचा नाही, घरी दूधवाल्याच्या कार्डावर चूक निघाली तरी चप्पल घालून निघायचे. न्यायाधीश म्हणाले, तुम्हाला कसं माहीत? "मीच मोजायचो, साहेब. ओव्हरटाइम धरून चारशे अडतीस. गेल्या दिवाळीपासून."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. मागे कुणीतरी हसलं. मला म्हणाले, "बाई, तुमचा पगार यांना माहीत आणि तुम्हाला नाही. उद्या मुलीला सांभाळणार कशा?"

हा प्रश्न तुझ्या आईने, तुझ्या बाबांनी, त्या ठाण्याच्या बाईने आपापल्या परीने विचारलेला होता, पण तिथे उभं राहून ऐकताना तो वेगळाच लागला. त्यांनी पुढची तारीख दिली. नुसतं तोंडी चालणार नाही, पगाराचा पुरावा आणा, तोही काही वर्षांचा, म्हणजे ही नोकरी पक्की आहे असं दिसेल. नाही आणलात तर मुलगी आहे तिथेच राहील. एवढं साफ.

त्या संध्याकाळी मी तुमच्या स्वयंपाकघरात फरशीवर बसले आणि चार पाकिटं फोडली. तुझी आई तुला मांडीवर घेऊन समोर बसली होती, परीक्षेला बसवल्यासारखी. पहिल्या पाकिटाची टाचणी बोटात घुसली. चारशे अडतीस. चारशे अडतीस. चारशे एकतीस, एक खाडा झाला होता. चारशे अडतीस. मी ते पैसे फरशीवर मांडले आणि तुझी आई म्हणाली, "वन्सं, तुम्ही तर आमच्यापेक्षा श्रीमंत निघालात." दोघी हसलो, मग मी रडले, मग तू रडलीस.

पण चार पाकिटं पुरणार नव्हती. वकीलबाई म्हणाल्या, चार महिन्यांचं ते लोक उडवून लावतील. शेडच्या शेटला पगाराची चिठ्ठी मागितली, तर तो म्हणाला, बाई, मी लिहून दिलं की उद्या माझ्या दारात लेबर इन्स्पेक्टर. तार गुंडाळ आणि मला कोर्टात ओढू नकोस. पासबुक? माझं कुठलं पासबुक. पाच वर्षांची पाकिटं होती, पण रिकामी पाकिटं कोण ठेवतं? गेली असणार केराच्या डब्यात.

त्या रविवारी घाटकोपरला गेले. हे घरी नव्हते, माझ्या दिवशी ते बाहेरच जायचे. लेक खाली खेळत होती. सासूबाई माझ्याशी या काळात फार बोलत नसत, पण मी आले की माझ्या वाटचं जेवण झाकून ठेवलेलं असायचं. त्या दिवशी जेवण वाढलं नाही. "बस," म्हणाल्या. मग माळ्यावरून तुपाचा जुना पत्र्याचा डबा खाली घेतला, पदराने पुसला आणि माझ्यासमोर ठेवला.

उघडला तर आत माझी पाकिटं. सगळी. एकेकात काही ना काही भरलेलं. भोपळ्याचं बी, मेथी, धूप, वेखंड, लेकीची जुनी बटणं, आणि निम्म्याअधिक पाकिटांत तिरफळं, माशाच्या कालवणात घालतात ती, गावाहून आलेली. डब्याचं झाकण काढलं आणि खोलीभर तिरफळांचा वास सुटला, नाकात झिणझिण्या आणणारा.

सासूबाई मालवणीच बोलायच्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणाल्या, "तुझो पगार तुका म्हायती नाय, असा झील सांगी होतो." झील म्हणजे मुलगा, म्हणजे हे. कोर्टातून घरी येऊन यांनी सगळं सांगितलं होतं. मी विचारलं, आई, ही तुम्ही ठेवलीत कशाला? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हिला कुणी शिकवलंच नाही का काही. "देवाफुडे ठेयलेलो कागद टाकूचो कसो?"

बघ हां. वाचता येत नव्हतं त्यांना. पाकिटावर काय लिहिलंय ते ठाऊक नाही, त्याचा उपयोग काय तेही नाही. पण देवापुढे ठेवलेला, कुंकू लागलेला कागद केरात जात नाही, एवढ्यासाठी पाच वर्षांचं एकूण एक पाकीट जपलेलं. आणि जागा फुकट कशाला घालवा म्हणून त्यात तिरफळं.

मी एकेक पाकीट रिकामं करायला लागले, तसा त्यांनी हात धरला. जोराने नाही. "ह्यां न्हेलंस की पोर पण न्हेतलंस. माका वाचूक येना नाय, पण येवढां कळता."

मी हात काढून घेतला. म्हटलं, मग नेत नाही. खरंच तसं म्हणाले मी, आणि त्या क्षणी मनापासून म्हणाले. खालून लेकीचा आवाज येत होता, कुणाशी तरी भांडत होती, डाव माझा आहे म्हणून. सासूबाईंनी थोडा वेळ तो ऐकला. मग त्यांनीच पाकिटं एका जुन्या उशीच्या अभ्र्यात भरली, तोंड बांधलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"माझो आयतवार तेवढो ठेय," म्हणाल्या. आयतवार म्हणजे रविवार. "नातीचो. बाकी आठवडो तुझो."

मग जेवायला वाढलं.

वकीलबाईंनी पाकिटं तारखेप्रमाणे लावली, शिंकत शिंकत. आणि त्यांनी ती उलटून पाहिली, जे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. प्रत्येक पाकिटाच्या पाठीवर यांचं अक्षर. बारीक, टाकाने काढल्यासारखं. भाडं, रेशन, दूध, रॉकेल, शाळेची फी. दर महिन्याला माझ्या पाकिटातून घर चालायचं आणि यांचा पगार जायचा पोस्टात आणि विम्यात, यांच्या नावावर. यात यांचा डाव होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही नाही. घरात एकच पैसा आहे असं धरून चाललेला माणूस. मीही तेच धरून चालले होते. पण पोरीची फी पहिल्या दिवसापासून मी भरत होते आणि ते मला वकिलाच्या टेबलावर कळलं.

दुसऱ्या तारखेला पाकिटं न्यायाधीशांसमोर गेली. ते एकेक उलटत होते. एकातून काहीतरी घरंगळलं, टेबलावर टपकलं. त्यांनी ते चिमटीत धरलं, बघितलं, नाकाशी नेलं.

"हे काय, मिरी?"

आणि हे परत उठले. राहवलं नाही ना. "तिरफळ, साहेब. माझ्या आईच्या डब्यातलं."

बोलून झालं आणि मग यांना कळलं आपण काय बोललो ते. मी समोरून बघत होते. यांचा चेहरा आधी पाकिटांकडे गेला, मग माझ्याकडे, मग कुणाकडेच नाही. आईने दिलीत, हे उमगलं. न्यायाधीशांनी विचारलं, पाठीवरचं अक्षर तुमचं का. "हो, माझं." शाळेची फी बाईंच्या पगारातून भरत होतात? "हो, साहेब." मग यांनी वकिलाला विचारलंसुद्धा नाही. म्हणाले, "मुलगी हिच्याकडे राहू दे. पोस्टातले अर्धे पण हिचे. हिशेबाने हिचेच होतात." पुढे एक वाक्य हळू आवाजात म्हणाले, "आईचं काय ते हिने बघावं." मी म्हटलं, रविवार त्यांचा. न्यायाधीशांनी तेही लिहून घेतलं. कोर्टाच्या कागदावर आजीचा रविवार लिहिलेला आहे गं, दाखवीन तुला.

पोस्टातल्या अर्ध्या पैशांतून मरोळ गावठाणात खोलीचं डिपॉझिट दिलं. एका ख्रिस्ती म्हाताऱ्या बाईचं घर, मागच्या बाजूची खोली, दारात जांभळाचं झाड. लेकीला तिथल्याच शाळेत घातलं. पण पैसे हातात आले म्हणून सांभाळता येतात असं थोडंच आहे. मला तर बँकेत शिरायलाच भीती वाटायची. खातं उघडायला ओळखीच्या खातेदाराची सही लागायची, ती घरमालकीणबाईंनी केली, वर मॅनेजरला दटावलं, हिला नीट समजावून सांगा. रेशनकार्डाचं तर विचारू नकोस. जुन्या कार्डावरून माझं आणि लेकीचं नाव कमी केल्याचा दाखला असल्याशिवाय नवं कार्ड मिळेना, आणि तो काढायला कार्ड ज्याच्या नावावर तो माणूस हजर हवा. म्हणजे घटस्फोट झाल्यावर महिन्याभरात आम्ही दोघं पुन्हा घाटकोपरच्या रेशनिंग ऑफिसच्या रांगेत, एकामागे एक. दोन तास. मग हे म्हणाले, बँकेत पैसे भरायची स्लिप भरता येते का तुला. नाही म्हटलं. खिशातून कागद काढून, माझ्याच पाठीवर ठेवून, यांनी ती आखली आणि पुढे धरून मला समजावली. अक्षरात कुठे लिहायचं, आकड्यात कुठे, पुढे रेघ का मारायची. "रेघ मारायला विसरू नकोस, नाहीतर कुणी पुढे शून्य वाढवेल." खिडकीतल्या कारकुनाने आमच्याकडे बघून विचारलं, नक्की नाव कमी करायचंय ना? आम्ही दोघं एकदमच हो म्हणालो आणि मग हसू आलं. लग्नात एवढ्या एका सुरात आम्ही कधी बोललो नव्हतो.

तो आखलेला कागद मी कितीतरी वर्षं पासबुकात ठेवला होता.

सात तारखेची रीत मी मोडली नाही, थोडी वळवली. पाकीट आधी देवापुढेच जायचं. मग लेक टाचणी काढायची आणि मोठ्याने वाचायची, हजेरी एवढी, ओव्हरटाइम एवढा, हातात एवढे. तिला गणितात कधी अडलं नाही ते यामुळेच असं माझं मत आहे, तिचं काहीही असो. खोलीचं भाडं बाजूला, शाळेचं बाजूला, बँकेत भरायचे बाजूला, आणि मग दोघींचं दोन-दोन रुपयांचं चैनीचं. पहिल्यांदा मी स्वतःच्या पैशाने स्वतःला विचारून साडी घेतली, ती बघायला तुझी आई बोरीवलीहून आली होती. रंग आवडला नाही तिला. अजून बोलून दाखवते.

आणि रविवार. दर रविवारी आम्ही घाटकोपरला जायचो, सासूबाईंचे गुडघे चालत होते तोवर कधी त्या मरोळला यायच्या. यांची नवी बायको घरात आली, ती पहिल्यांदा मला बघून आत निघून गेली, दुसऱ्यांदा तिने चहा दिला, आणि चार-पाच महिन्यांनी स्वतःहून विचारलं, बँकेत मुदतीवर ठेवायचे तर कुठे ठेवू, यांना न विचारता. मी सांगितलं. सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. मी पोचले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाकीट खंय?" रिकामं पाकीट मी पिशवीत घालून न्यायचे. त्या ते उलटसुलट करून बघायच्या, कुंकू लागलंय ना त्याची खात्री करायच्या, आणि डब्यात ठेवायच्या, तिरफळं भरायला. शेवटच्या दोन वर्षांत दिसायचं बंद झालं, तेव्हा बोटाने चाचपायच्या. टाचणीचं भोक सापडलं की हं म्हणायच्या.

त्या गेल्यावर यांनी तो डबा माझ्याकडे पाठवून दिला. माझ्या फळीवर आहे. तिरफळं अधूनमधून बदलते.

आता तुझं. हे सगळं तुला नवऱ्यावर चिडवायला सांगितलं नाही. तो कसा आहे ते तू बघ, ते तुझं तुला ठाऊक. मला एवढंच माहीत आहे की तुझं पोर कुणाकडे राहणार हा प्रश्न तुलाही आज ना उद्या कुणीतरी विचारणार, आणि तेव्हा तुझा आकडा दुसऱ्या कुणी उठून सांगू नये. सगळेच काही खरा सांगत नाहीत. माझं नशीब बरं होतं, त्यावर तू विसंबू नकोस.

म्हणून कुठेही सही करायच्या आधी ये. या रविवारी ये, पुढच्या नाही. रविवारी मी घरीच असते, ते तुला ठाऊक आहे. बँकेचे, फ्लॅटचे, विम्याचे जे काय कागद असतील ते पिशवीत कोंबून आण, उघडले नसशील तर न उघडता आण, मला त्याचं काही वाटणार नाही. पोराला पण आण. बांगडे मिळाले तर तिरफळं घालून तिखलं करते, तुझ्या बाबांना आवडायचं तसं. आधी जेवू, मग फरशीवर बसून एकेक पाकीट फोडू. उशीर करू नकोस, सकाळीच नीघ.